गाडीचं शुद्धिपत्र

छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला लोकांनी नावानं ओळखावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं, मुखपृष्ठ काढणाऱ्याचं असतं. मुद्रितं तपासणाऱ्याचं नाव निघतं ते चूक राहिली तरच. तसं ते निघू नये म्हणून या गृहस्थांनी जन्मभर काळजी घेतली, आणि त्याचा परिणाम असा झाला की सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणू लागले. पहिली वेलांटी की दुसरी, या प्रश्नावर ते मालकांशीसुद्धा भांडत. एकदा मालक वैतागून म्हणाले होते, "अहो, एका वेलांटीनं काय जग बुडणार आहे?" त्यावर काका म्हणाले, "जग नाही, साहेब, दिवस बुडेल. 'दिन'चा 'दीन' होईल." मालकांनी निमूटपणे पान परत पाठवलं. त्या दिवशी ते स्वतःही जरा दीनच दिसत होते.

काकांची श्रद्धा म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शुद्धिपत्र. पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांची जी चिठ्ठी शेवटी चिकटवतात, ती. मालकांना ती आवडत नसे. आपलीच चूक आपल्याच खर्चानं कशाला छापायची, असं त्यांचं म्हणणं. काकांचं उलट. "ज्या पुस्तकाला शुद्धिपत्र नाही, ते बिनचूक नसतं," ते म्हणत, "ते नीट वाचलेलं नसतं, एवढंच." शुद्धिपत्र असलेल्या पुस्तकावर वाचक जास्त विश्वास ठेवतो, अशी त्यांची खात्री होती. कुणा वाचकाला त्यांनी हे विचारलं मात्र नव्हतं.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तोवर ही श्रद्धा कुणाला बाधली नाही. मग गाडी विकायची वेळ आली.

गाडी अकरा वर्षांची होती. चार दरवाजे, राखी रंग, आणि बसायची जागा इतकी खाली की आत शिरणं म्हणजे विहिरीत उतरणं. काकूंचा एक गुडघा मागच्या वर्षी बदलून झाला होता, दुसरा या वर्षअखेरीस बदलायचा होता. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, 'खाली बसून उठणे टाळावे.' आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. तिथे पोहोचल्यावर काका दार उघडत, वाकत, काकू एक हात दाराच्या कडेला आणि दुसरा काकांच्या मानेला घालत, आणि दोघं मिळून तीन म्हणायच्या आत उठायचा प्रयत्न करत. कधी तीनला जमे, कधी सातला. महिन्याभरापूर्वी काकांची मान धरली आणि दोघंही दाराला टेकून उभे राहिले. येणारे-जाणारे बघत होते. काकू म्हणाल्या, "लोकांना वाटत असेल, या वयात काय हे."

त्यांनी ते हसत म्हटलं होतं. पण त्यानंतर दोनदा त्यांनी व्यायामाला यायचं टाळलं. एकदा डोकं दुखतंय म्हणून, एकदा काहीच न सांगता. व्यायामवाल्या बाईंनी फोन करून बजावलं, की असं सुरू राहिलं तर बदललेला गुडघाही आखडेल.

उंच बैठकीची एक छोटी गाडी काकांनी बघून ठेवली. तिच्या बैठकीची उंची त्यांनी दुकानात जाऊन फूटपट्टीनं मोजली आणि घरातल्या जेवणाच्या खुर्चीशी ताडून पाहिली. फक्त दीड बोटाचा फरक. हिशेब सरळ होता. जुन्या गाडीचे दोन लाख दहा हजार आले, तर नवी घेता येत होती. त्याच्या खाली आले, तर दुसऱ्या गुडघ्यासाठी ठेवलेल्या पैशांना हात लागत होता. म्हणजे एक तर गुडघा, नाही तर गुडघ्यासाठी गाडी. दोन लाख दहा मिळाले, तर दोन्ही.

काकांनी दोन दिवस बसून गाडीचं शुद्धिपत्र तयार केलं.

तीन रकाने आखले. स्थळ, दोष, काय असावे. एकूण तेवीस नोंदी. 'मागील डावा दरवाजा. आतून उघडत नाही. उघडावा.' 'पुढील काचेची पुसणी. पाऊस नसताना वापरल्यास किंचाळते. किंचाळू नये.' 'घड्याळ. सात मिनिटे पुढे. हा दोष नाही, मालकाने मुद्दाम ठेवले आहे.' पहिली नोंद सगळ्यांत लांब होती. 'ब्रेक. पंधरा-वीस दिवसांतून एकदा पहिल्या दाबाला पोकळ लागतो, दुसऱ्या दाबाला धरतो. पहिल्याच दाबाला धरावा.'

हा ब्रेक त्यांनी चार वेळा मेकॅनिकला दाखवला होता. मेकॅनिक गाडी फिरवून आणायचा आणि हात पुसत म्हणायचा, "काका, माझ्यासमोर ही शहाण्यासारखी वागते. ती जेव्हा करते ना, तेव्हा आणा."

"ती करते तेव्हा माझ्यासमोर एक ट्रक असतो," काका म्हणाले.

"मग अंदाजानं सगळं बदलावं लागेल. वीस-पंचवीस हजारांचं काम. विकायचीच आहे ना? कशाला घालताय?"

पहिल्या दुकानात काकांसोबत त्यांचा मेहुणा होता. काकूंचा धाकटा भाऊ, विम्याचं काम करायचा. समोरच्याच्या चेहऱ्यावरून आकडा ओळखतो, असा त्याचा स्वतःबद्दलचा समज होता. दुकानदारानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायर लाथेनं तपासले आणि म्हणाला, "सव्वादोन."

मेहुण्यानं काकांच्या पाठीवर हलकेच बोट टेकवलं. त्याचा अर्थ, हो म्हणा आणि चला.

"एक मिनिट," काका म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून शुद्धिपत्र काढलं. दोन प्रती होत्या, एक दुकानदारासाठी, एक दुकानदाराच्या दप्तरी ठेवण्यासाठी.

दुकानदारानं सावकाश वाचलं. काकांना फार बरं वाटलं. इतक्या मन लावून आपलं लिखाण वाचणारा माणूस त्यांना चौतीस वर्षांत भेटला नव्हता. वाचता वाचता दुकानदारानं खिशातून पेन काढलं आणि प्रत्येक नोंदीसमोर एकेक आकडा टाकत गेला. तेविसाव्या नोंदीनंतर त्यानं बेरीज केली. घड्याळाचेही पाचशे धरले होते.

"एक लाख चाळीस," तो म्हणाला.

"पण घड्याळ मी मुद्दाम..."

"काका, तुम्ही लिहून दिलंत, मी वाचलं. आता न वाचल्यासारखं कसं करू?"

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर मेहुण्यानं पट्टा लावला, काढला, परत लावला.

"भाऊजी, एक विचारू? लग्नाच्या वेळी ताईला बघायला आला होतात, तेव्हाही असा कागद आणला होता का?"

"नव्हता आणला."

"मग आमच्यावर नाही केलंत, ते प्रेम या दुकानदारावर का? पंच्याऐंशी हजार! लोक दोष लपवायला पैसे देतात. तुम्ही दाखवायला दिलेत."

"माणूस फसू नये म्हणून..."

"कोण फसू नये? तो? त्याच्या दुकानात असा माणूस वर्षातून एकदा येतो. आज त्यानं पेढे वाटले असतील."

काकांना खरं तर पंच्याऐंशी हजारांपेक्षा दुसरंच काही लागलं होतं. शुद्धिपत्रामुळे विश्वास वाढतो, यावर त्यांनी इतकी वर्षं काढली होती. विश्वास वाढला होताच. दुकानदारानं त्यातल्या एकाही शब्दावर शंका घेतली नव्हती.

दुसऱ्या दुकानात जायच्या आधी मेहुण्यानं नियम घालून दिले. "तोंड उघडायचं नाही. जांभई आली तरी दाबायची. विचारलं तर माझ्याकडे बघायचं. पिशवी घरी ठेवायची."

"पाण्याची बाटली?"

"हातात धरा."

हे दुकान मोठं होतं. पुढे काचेमागे नव्या गाड्या, त्यांत काकांनी मोजलेलीही, मागच्या अंगणात जुन्या. एकाच छपराखाली जुनी द्यायची आणि नवी घ्यायची सोय. तपासायला आलेल्या माणसाच्या कपाळावर दिवा बांधलेला होता, उन्हातसुद्धा. मेहुण्यानं त्याचं नाव टॉर्चवाला ठेवलं. टॉर्चवाल्यानं मोबाइलमध्ये गाडीचे बारा फोटो काढले, बोनेट उघडून आत डोकावला, तेलाची काडी बाहेर काढून परत खुपसली. ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेकनं पहिल्याच दाबाला धरलं. मागच्या डाव्या दाराकडे तो गेलाच नाही.

"काही सांगण्यासारखं?" त्यानं विचारलं.

काकांनी बाटली तोंडाला लावली आणि पाणी पीत राहिले.

"छे हो," मेहुणा म्हणाला. "दागिन्यासारखी जपलीय. यांनी आयुष्यात कधी चौथ्याच्या वर गिअर टाकला नाही."

हे खरं होतं. मेहुण्याचा हाच गुण होता, तो खोटं बोलताना आसपासचं सगळं खरं वापरायचा.

आकडा आला दोन लाख पंधरा.

काकांना तेव्हा काय वाटलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा काकूंची आठवण झाली, जेवणाच्या खुर्चीवरून उठतात तशा त्या गाडीतून उतरताहेत, मानेला हात न घालता. लगेच पाठोपाठ ट्रकची आठवण झाली. पोकळ पायाखाली पुढचा ट्रक मोठा मोठा होत जातो आणि दुसऱ्या दाबापर्यंतचा वेळ एका परिच्छेदाएवढा लांब होतो, ती. हा परिच्छेद आता दुसऱ्या कुणाला वाचावा लागणार होता.

विक्री बघणारा टायवाला फॉर्म घेऊन आला. "इथं, इथं आणि इथं सही. नुसती औपचारिकता आहे."

काकांनी चष्मा लावला. टायवाला पेन पुढे करून उभा राहिला. मेहुण्यानं भिंतीवरच्या गाडीच्या चित्राकडे बघायला सुरुवात केली, कारण भाऊजी कुठलाही छापील कागद न वाचता सही करत नाहीत आणि वाचायला वेळ घेतात, हे त्याला ठाऊक होतं. फॉर्म वाईट छापलेला होता. 'नोंदणी'ला पहिली वेलांटी, 'विक्री'लाही पहिलीच, 'तपशील' एका ठिकाणी 'तपशिल'. काकांनी मनात खुणा करत करत खाली येऊन शेवटचं वाक्य वाचलं.

'सदर वाहन माझ्या माहितीप्रमाणे पूर्णपणे दोषयुक्त असून तसे मी राजीखुशीने लिहून देत आहे.'

त्यांनी ते परत वाचलं. मग बोट ठेवून वाचलं.

दोषमुक्त हवं होतं. जुळवणाऱ्याच्या हातून 'मु'च्या जागी 'यु' पडला होता. असले फॉर्म हजारोंनी छापले गेले असणार, हजारो माणसांनी आपली गाडी पूर्णपणे दोषांनी भरलेली आहे असं राजीखुशीनं लिहून दिलं असणार, आणि ती घेणाऱ्यांनीही ते राजीखुशीनं फाइलला लावलं असणार.

काकांचा हात सवयीनं उचलला गेला. समासात एक रेघ, एक अक्षर, काम संपलं असतं. चौतीस वर्षांत दिसलेली चूक त्यांनी कधी सोडली नव्हती. पण ती दुरुस्त केली, की खाली सही करताना ते खोटं बोलणार होते. आणि आहे तशी ठेवली, तर त्यांच्या सहीवरचं वाक्य अक्षरशः खरं होतं. पूर्णपणे.

"काय झालं, काका? काही चुकलंय का?" टायवाल्यानं विचारलं.

"नाही," काका म्हणाले, आणि तीन ठिकाणी सह्या केल्या.

घरी काकूंनी पहिला प्रश्न तोच विचारला. "ब्रेकचं सांगितलंत ना?"

"लेखी दिलंय," काका म्हणाले.

"मग बरं," काकू म्हणाल्या, आणि त्या शांत झाल्या.

काकांना वाटलं होतं की हे उत्तर दिल्यावर आपल्यालाही शांत वाटेल. उत्तरात एकही चूक नव्हती. पुढचे पाच दिवस ते उत्तर त्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी वाचून पाहिलं. कर्ता बरोबर होता, क्रियापद बरोबर होतं, काळ बरोबर होता. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की ते पूर्वी पेन्सिल घेऊन बसत. आता त्यांना पहिल्याच पानावर 'अधीकारी' दिसले आणि त्यांनी पान उलटलं. काकूंनी चहा ठेवताना ते पाहिलं. "पेन्सिल हरवली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. लोकांना वाचता येतं तेवढं."

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

सहाव्या दिवशी नवी गाडी घ्यायला दोघं गेले. मेहुण्याला काम होतं, पण त्यानं सकाळी फोन करून परत बजावलं, "किल्ली हातात पडेपर्यंत जांभईचा नियम चालू आहे हं." गाडी मागच्या अंगणात आणून ठेवली होती. टायवाला कागद पुरे करायला आत गेला. काकूंनी दार उघडलं, काकांकडे बघितलं नाही, कडेला नुसतं बोट लावलं आणि बसल्या. मग उतरल्या. मग परत बसल्या.

"बघा की," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या उतरल्या नाहीत, काच खाली-वर करत बसल्या. गेल्या वर्षभरात काकांनी त्यांना एखाद्या वस्तूशी असं खेळताना पाहिलं नव्हतं.

मग काकूंचा हात काचेच्या बटणावर थांबला. "अहो, ती आपली ना?"

चार गाड्या सोडून जुनी राखी गाडी उभी होती. तिला इतकं चकचकीत केलं होतं की काकांना क्षणभर ओळख पटली नाही. पुढच्या काचेवर 'तपासलेली' अशी चिठ्ठी होती. मागचं उजवं दार उघडून एक चष्मेवाली बाई आत वाकली होती आणि कापडी टेपनं मागच्या बाकाची रुंदी मोजत होती. बाजूला जमिनीवर लहान मुलाला बसवायची, पट्ट्यांची खुर्ची ठेवली होती. बाईंनी ती घरून मुद्दाम आणली असणार. बसते की नाही ते बघायला.

"तिला सांगा," काकू म्हणाल्या.

"लेखी दिलंय मी."

"तिनं कुठं वाचलंय?"

काका खिशातला चष्मा काढून पुसू लागले. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या न बोलण्यातल्या चुका त्यांना वाचता येत होत्या.

"नक्की काय लिहून दिलंय तुम्ही?"

काकांनी सांगितलं. 'मु' सांगितला, 'यु' सांगितला, 'पूर्णपणे'सुद्धा सांगितलं. मध्येच त्यांना हे सगळं थोडं गमतीचं वाटेल अशी आशा होती. काकू हसल्या नाहीत.

"म्हणजे चुकून खरं छापलं गेलं, आणि त्यावर तुम्ही सही केलीत."

"हो."

"आणि ते दोषमुक्त समजून पैसे देताहेत."

"हो."

"चौतीस वर्षांत एक चूक राहू दिली नाहीत, आणि राहू दिलीत ती ही?"

"तुझ्या गुडघ्यासाठी..."

"माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नका. तो बिचारा ब्रेक दाबत नाही."

काका चार गाड्या ओलांडून गेले. तेवढ्या अंतरात त्यांनी वाक्य तीनदा जुळवलं आणि शेवटी भलतंच बोलले. "खुर्ची बसतेय का?"

"बसतेय की," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथले का?"

"नाही. मी हिचा. म्हणजे ही माझी होती."

"अरे वा! चांगली ठेवलीय हो."

"हिचा ब्रेक कधी कधी धरत नाही," काका म्हणाले. "पंधरा-वीस दिवसांतून एकदा. पहिल्या दाबाला पोकळ जातो. दुसऱ्याला धरतो, पण मध्ये वेळ जातो. मागचं डावं दार आतून उघडत नाही. तुम्ही खुर्ची त्याच बाजूला लावणार असाल, तर..."

बाईंनी टेप गुंडाळायला सुरुवात केली. "मग विकलीत कशाला?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच कळत नाही अशा आवाजात.

याला काकांकडे उत्तर होतं. पण ते उंच बैठकीच्या गाडीत बसलं होतं आणि काच खाली करून इकडेच बघत होतं. तिच्याकडे बोट दाखवायचं काकांच्या जिवावर आलं.

तोवर टायवाला धावत आला. त्यानं फक्त शेवटचं ऐकलं होतं, पण तेवढं पुरलं. "काका! काय चाललंय? तुम्ही लिहून दिलंय ना काही दोष नाही म्हणून?"

"तसं मी लिहून दिलेलं नाही," काका म्हणाले. "वाचा."

टायवाल्याच्या हातातच फाइल होती. त्यानं फॉर्म काढला आणि मोठ्यानं वाचला, "'पूर्णपणे दोषमुक्त असून...' बघा!"

"परत वाचा."

"'पूर्णपणे दोषमुक्त.'"

"तिसरं अक्षर."

"मु."

डोळ्यासमोर असलेलं न वाचता मनात असलेलं वाचणारी माणसं काकांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांच्यामुळेच तर त्यांना चौतीस वर्षं पगार मिळाला होता. शेवटी चष्मेवाल्या बाईंनी मान पुढे करून कागद पाहिला. "यु आहे हो तो," त्या म्हणाल्या. "दोषयुक्त लिहिलंय." आणि मग, "ब्रेक नीट करून दाखवा, दार पण. तेव्हा फोन करा." त्यांनी खुर्ची काखेत मारली आणि त्या गेल्या.

प्रकरण मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेलं. पन्नाशीच्या, थकलेल्या, टेबलावर औषधाच्या गोळ्यांची डबी ठेवलेल्या बाई. त्यांनी फॉर्म पाहिला. जुन्या फाइलींतले आणखी चार फॉर्म मागवून पाहिले. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"चार वर्षं आम्ही हा फॉर्म वापरतोय," त्या म्हणाल्या. "कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं."

"आलं."

"सही करायच्या आधी?"

"आधी."

"मग सांगितलं का नाहीत, काका?"

हा प्रश्न त्यांनी ओरडून विचारला असता, तर काकांना सोपं गेलं असतं. त्यांनी तो साध्या आवाजात विचारला. छापखान्यात हाच प्रश्न काकांनी कितीतरी नवशिक्यांना विचारला होता. दिसली होती ना चूक? मग सांगितली का नाहीस? नवशिके जमिनीकडे बघत. केबिनची जमीन गुळगुळीत फरशीची होती, हे काकांना तेव्हा कळलं.

मॅनेजरबाईंनी उत्तराची फार वाट पाहिली नाही. "ब्रेकचं आणि दाराचं काम पंचवीस हजारांचं आहे. ते तुमच्या किमतीतून जातील. नाही तर तुमची गाडी तुम्ही न्या, आमची आम्हाला ठेवा."

म्हणजे एक लाख नव्वद. ही किंमत मनातल्या मनात काकांना अगदी बरोबर वाटली, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. पहिल्या दुकानात खरं बोलून कमी मिळालं होतं, इथं न बोलून जास्त. दोन्हींच्या मधला हा न्याय्य आकडा मिळाला तो पकडलं गेल्यावर. पण दोन लाख दहापेक्षा तो वीस हजारांनी खालीच होता.

ते अंगणात आले. काकू अजून गाडीतच होत्या. काकांनी आकडा सांगितला.

"द्या," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या गुडघ्याचे आहेत त्यातून घाला."

"आणि तो?"

"तो काय कुठं पळून जातोय? पळता येत असतं तर बदलला असता कशाला?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी करू." त्यांचा हात गुडघ्यावर होता, न बदललेल्या. वर्षअखेरचे दिवस त्या कॅलेंडरवर मोजत होत्या हे काकांना माहीत होतं.

पैशांचं काम उरकलं. किल्ली देताना मॅनेजरबाईंनी काकांना थांबवलं. "तुम्ही छापखान्यात होता म्हणे. मेहुणे सांगत होते त्या दिवशी."

"मुद्रितं तपासायचो."

"मग एवढं करून द्या. नवा फॉर्म आजच छापायला टाकते. परत असलं काही नको." आणि त्यांनी कोरा फॉर्म आणि लाल पेन पुढे केलं.

काका काउंटरशी उभे राहून वाचू लागले. हात आपोआप चालू लागला. 'नोंदणी'ला दुसरी वेलांटी. 'विक्री'ला दुसरी. 'तपशील' दोन्हीकडे सारखा. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटत होतं. मग ते शेवटच्या वाक्याशी आले आणि थांबले.

"बाई, एक सुचवू? हे वाक्यच बदलता येईल. 'सदर वाहनात माझ्या माहितीप्रमाणे पुढील दोष आहेत', आणि खाली चार-पाच रेघा मोकळ्या. ज्याला जे माहीत आहे ते तो लिहील."

टायवाल्याला हसू आलं. मॅनेजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या रेघांचा खरंच विचार केला, निदान काकांना तसं वाटलं.

"कोण लिहील, काका?" त्या म्हणाल्या. "तुम्ही अक्षरं बघा. मजकूर आमचा आहे."

हे वाक्य काकांना पाठ होतं. चौतीस वर्षांत लेखकांनी, प्रकाशकांनी, लग्नपत्रिका छापायला आलेल्या मुलीच्या बापांनी त्यांना तेच ऐकवलं होतं, आणि दर वेळी त्यांना ते पटलं होतं. त्यांनी 'यु'वर रेघ मारली आणि समासात सुरेख, वळणदार 'मु' काढला. आता इथं येणारा प्रत्येक माणूस शुद्ध मराठीत खोटं लिहून देणार होता.

खाली तपासणाऱ्याच्या सहीसाठी जागा नव्हती. मॅनेजरबाईंनी कागद घेतला, आभार मानले आणि टायवाल्याकडे दिला. तो न वाचताच फाइलमध्ये घालून आत निघून गेला. काका किल्ली मुठीत धरून त्या दाराकडे बघत राहिले. अंगणातून हॉर्न वाजला. काकूंनी शेजारच्या जागेवरून हात लांब करून तो वाजवला होता.

"चला की हो," त्यांनी काचेतून हाक मारली, "व्यायामाची वेळ झाली."